कच्च्या सफरचंदाचा आरोप

९ डिसेंबर

रोझली,

मी तुझ्याशी बोलत नाहीये, हे आधी लक्षात घे. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून लिहिते आहे. वेंडेल पाकीट हातात घेऊन म्हणाला, "व्हर्ना, तुझी सख्खी बहीण तीन घरं सोडून राहते. तिकिटाचे पैसे कशाला घालवतेस? चालत जा की!" मी त्याला सांगितलं, तू पोस्टमन आहेस, टपाल वाटत जा, अक्कल वाटू नकोस.

शनिवारी काय झालं ते तुला नीट आठवत नसेल, कारण हसणाऱ्या माणसाचं लक्ष कमी असतं. म्हणून सांगते. गावच्या ग्रेंज हॉलमध्ये आपल्या बिअर मंडळाची वार्षिक स्पर्धा होती. परीक्षकांच्या टेबलावर तू, छातीवर परीक्षकाचा बिल्ला. समोर येणाऱ्या ग्लासावर नुसता आकडा असतो, बिअर कोणाच्या घरची ते परीक्षकाला कळत नाही, हे मला मान्य आहे. जेवण झाल्यावर सगळ्यात वाईट शेरे नाव न घेता मोठ्यानं वाचायचे ही मंडळाची रीत आहे, हेही मान्य. मागच्या वर्षी सगळ्यात जास्त मीच हसले होते. पण या वेळी तू उठलीस, चष्मा नाकावर सरकवलास आणि वाचलंस, "कच्च्या सफरचंदाची चव. यीस्टचं काम पुरतं व्हायच्या आत बाटलीत कोंबलेली बिअर. करणाऱ्याला धीर नाही. पन्नासपैकी एकोणीस. त्या माणसानं आधी वाट बघायला शिकावं."

सगळा हॉल खदखदला. वेंडेलच्या नाकातून बिअर बाहेर आली. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो माणूस मी."

अगं, त्या बिअरमध्ये सफरचंदंच होती! माझ्या परसातल्या झाडाची, ऑक्टोबरात स्वतः शिडीवर चढून तोडलेली. गुडघे बोलत होते तरी चढले. जवाचं माल्ट उकळलं, कडवटपणाला हॉप्स घातले, गार झाल्यावर ताजा काढलेला रस त्यात ओतला. सफरचंदाच्या बिअरला सफरचंदाची चव लागते हा दोष असेल, तर कोंबडीच्या सुपाला कोंबडीचा वास येतो म्हणूनही गुण काप.

त्यावर तू काय म्हणालीस? "मग फळांच्या बिअरमध्ये नोंदवायची होतीस. साध्या तांबूस बिअरमध्ये कशाला घुसवलीस?" कशाला ते तुला चांगलं ठाऊक आहे. फळांच्या रांगेत रास्पबेरीवाले बसतात, गुलाबी बिअर आणि गुलाबी फीत लावलेल्या बाटल्या घेऊन. मी त्या रांगेत बसणार नाही. माझी बिअर ही बिअर आहे. सफरचंद तिच्यात राहतं, मिरवत नाही. हे मी तिथेही सांगितलं, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "मिरवत नाही? बोंबलतंय ते! आणि ते फळ नव्हेच, व्हर्ना. तो कच्चेपणा आहे. मला फरक कळतो."

फरक कळतो म्हणे! परीक्षकाच्या परीक्षेआधी सबंध हिवाळा माझ्या स्वयंपाकघरात बसून तू दोष ओळखायला शिकलीस. चांगल्या बिअरमध्ये थेंब थेंब दोष मिसळून तुला कोण पाजत होतं? कच्च्या सफरचंदाचा थेंब कोणी टाकला होता? माझ्याच हातानं शिकलीस आणि माझ्यावरच शेकवलंस.

तर आता ऐक. कच्चेपणाची चव असेल तर ती मुरता मुरता निघून जाईल, हे तुझंच शास्त्र. फळाची असेल तर राहील. माझ्या तळघरात अजून भरपूर बाटल्या आहेत. अधूनमधून एक उघडीन आणि जे लागेल ते प्रामाणिकपणे कळवीन. सफरचंद टिकलं, तर पुढच्या स्पर्धेत त्याच जागी उभी राहून तू माफी मागायची.

व्हर्ना

१५ जानेवारी

रोझली,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र, मागे फक्त "वाट बघ." एवढं लिहायला टक्सनचं कार्ड कशाला हवं होतं? नाताळात कर्ककडे टक्सनला गेली होतीस हे मला वेंडेलकडून कळलं. मुलाकडे जाण्यात काही गैर नाही. पण परतायचा दिवस उलटून चार दिवस झाले तरी तुझ्या चिमणीतून धूर दिसला नाही, तेव्हा कोणीतरी बघायला नको का? मी काही मुद्दाम बघत नव्हते. भांडी घासायच्या खिडकीतून तुझी चिमणी दिसते, त्याला मी काय करू?

बाटली उघडली. सफरचंद आहे. जसंच्या तसं आहे. पहिल्या घोटाला सालीसारखं जिभेला टोचतं, मग हिरव्या देठासारखं नाकात जातं. वेंडेलला अर्धा ग्लास दिला. तो म्हणाला, "व्हर्ना, याला नव्या रंगवलेल्या भिंतीचा वास येतो." मी म्हणाले, "तुझ्या जिभेला काय कळतंय? तू कॉफीत पण मॅपल सिरप ओततोस." तरी त्याचं मत लिहिते आहे, कारण मी प्रामाणिक आहे.

वेंडेल म्हणतो, कर्कनं तुला तिकडेच राहायला ये म्हणून आग्रह केला. बर्फ नाही, कंबरेला ऊन मिळेल, घरात गार हवेचं यंत्र आहे. तू विचार करतेयस म्हणे. कर. पण एक सांगून ठेवते. तिकडे तळघरं नसतात. तिकडे बिअर मुरत नाही, शिजते.

व्हर्ना

१९ मार्च

रोझली,

मॅपलच्या झाडांतून रस वाहायला लागला आहे आणि रस्त्यावर गुडघाभर चिखल. ग्रामसभेला तू डावीकडच्या भिंतीला बसलीस, मी उजवीकडच्या. मधली सगळी माणसं एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. नवीन बर्फगाडी घ्यायची की नाही यावर मी हात वर केला. ते बघून तू तुझा वर केलेला हात खाली घेतलास. तुला बर्फगाडी हवी होती, रोझली! तुझ्याच दारातला बर्फ ती काढते.

बिअरचा अहवाल. सफरचंद आहे.

आहे, पण आता जरा हाक मारल्यावर येतं. पहिल्या घोटाला पावाच्या कडेसारखं काहीतरी लागलं, मग थोडं मध. मग शांतता. मी म्हणाले, हे बरोबर नाही. म्हणून बाटली चुलीजवळ ठेवून कोमट केली, ग्लास तळव्यात फिरवला, खिडकी बंद केली. तरी सफरचंद लपलेलंच. शेवटी पेटीत उरलेलं एक सफरचंद कापलं, त्याची फोड खाल्ली आणि लगेच घोट घेतला. तेव्हा सफरचंदाची चव अगदी स्पष्ट लागली.

वेंडेल हे बघत उभा होता. म्हणाला, "याला तू परीक्षा म्हणतेस?" मी म्हटलं, "जीभ तयार करणं म्हणतात याला." त्यावर तो मान हलवत दुसरा ग्लास स्वतःच भरून घेऊन बसला. जानेवारीत अर्ध्या ग्लासात तोंड वाकडं करणारा हाच माणूस. मी त्याला काहीच विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस.

व्हर्ना

२७ एप्रिल

रोझली,

आज सकाळी कोंबड्यांना दाणे घालताना तुझ्या कुंपणाला पाटी दिसली. "घर विकणे आहे." खाली दलालाचा फोटो, दात दाखवणारा. मी दाण्याची बादली खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिले. कोंबड्यांनी बादली उलटी केली.

मला पाटीवरून कळू नये एवढी तरी दया दाखवायची होतीस. मागून वेंडेल बिचारा माझ्या दारात टोपी काढून उभा राहिला, कोणी गेल्यासारखा. म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल." मला? मला कसं माहीत असणार? तीन घरं पलीकडे राहणारी बहीण मला निवडुंगाची चित्रं पाठवते.

तू जा. कोणी अडवलंय? तुझी कंबर, तुझा मुलगा, तुझं घर. मी तुझ्या जागी असते तरी गेले नसते, पण मी तुझ्या जागी कधीच नव्हते. नेहमी तूच माझ्या जागी येऊन बसायचीस. स्वयंपाकघरातली ती खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी आहे. मांजर बसतं तिच्यावर. आणि मांजराला बिअरमधलं काही कळत नाही.

या महिन्यात बाटली उघडली नाही. इच्छा झाली नाही.

व्हर्ना

११ जून

रोझली,

वेंडेल म्हणतो, घराला गिऱ्हाईक मिळालं. बोस्टनचं जोडपं. पुढच्या उन्हाळ्यापासून येऊन राहणार, शेळ्या पाळणार आणि त्यांच्याशी माणसांसारख्या गप्पा मारणार. सप्टेंबरच्या शेवटी तू घर सोडणार. हे सगळं खरं आहे असं मी धरून चालते, कारण तू तर काही सांगायची नाहीस.

आता बिअर. तुला प्रामाणिक अहवाल देईन असं मी डिसेंबरात लिहिलं होतं. तेव्हा ते लिहायला सोपं होतं.

काल पंगत होती चर्चमागच्या हिरवळीवर. मी तीन बाटल्या नेल्या, कोणाला न सांगता मधोमध ठेवल्या. चीज होतं, भाजलेले बीन्स होते, कोणीतरी केलेला वाटाण्याचा हिरवा गोळा होता ज्याला कोणी हात लावला नाही. बाटल्या संपल्या आणि लोक रिकाम्या बाटल्या उलट्या धरून बघू लागले. मोठ्या डेअरीवाल्या लॅम्सनबाईंना तू ओळखतेस. त्यांनी आयुष्यात कधी कशाची स्तुती केली नाही, नवऱ्याची तर नाहीच. त्या म्हणाल्या, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "का?" त्या म्हणाल्या, "तिला सांगा, लवकर मरू नकोस."

हे तुला सांगायला मी आनंदानं फुगून बसायला हवी. पण रोझली, तू समजून घे माझी पंचाईत. बिअर जितकी सुंदर होते आहे तितकी मी खटला हरते आहे. प्रत्येक घोटाला वाटतं, वा! आणि लगेच मनात येतं, की मग तूच बरोबर होतीस. जगात आणखी कोणावर अशी वेळ आली असेल असं वाटत नाही. स्वतःच केलेली चांगली बिअर पिऊन कोणी एवढं उदास झालं नसेल.

तरी अजून मी हरलेली नाही. तळाशी काहीतरी आहे. ते काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. इथे दुसऱ्या जिभेची गरज आहे. वेंडेलची जीभ चालत नाही. तो आता म्हणतो, "मला फक्त आणखी हवंय." हे काही मत नव्हे.

व्हर्ना

२० ऑगस्ट

रोझली,

गेलं. कच्चं सफरचंद गेलं. उगाच लांबण लावत नाही.

काल उघडली, ग्लासात ओतली, फेस मोठ्या मानानं उभा राहिला. सफरचंदाची फोड खाल्ली नाही. खिडकी उघडीच ठेवली. शांतपणे प्यायले. टोचणारी साल नाही, हिरवं देठ नाही, भिंतीचा रंग नाही. डिसेंबरात ती बिअर कच्ची होती. सहा आठवड्यांत बाटलीत भरली होती, कारण स्पर्धा होती आणि मला बक्षीस हवं होतं. तुला पन्नासपैकी एकोणीस द्यावेसे वाटले, मी असते तर अठरा दिले असते. पण मी ते हॉलभर वाचून दाखवलं नसतं.

म्हणजे वाचलं असतं. पण नंतर तुझ्या दारात आले असते.

तू का आली नाहीस? आठ महिने मी हेच विचारायला लिहिते आहे आणि मध्येच बिअर येते. त्या रात्री मी तुझ्या हातातलं ताट घेतलं नाही, गाडीत तुला न घेता निघून गेले, तू वेंडेलबरोबर घरी गेलीस, हे सगळं मला माहीत आहे. पण मी रागावले की दोन दिवसांत तू येतेस. नेहमी येतेस. तू येतेस आणि मी दार उघडायला उशीर लावते, असं आपलं चालतं. या वेळी मी दाराशी ताटकळले आणि तू आलीच नाहीस. मला वाटलं, तू थकलीस. वेंडेल म्हणतो, "ती पण दाराशीच बसली असेल, व्हर्ना." पोस्टमन लोकांना सगळ्यांची दारं माहीत असतात.

थोड्याच बाटल्या उरल्यात. तळाशी जे काही आहे ते अजून आहे, उलट वाढलं आहे. मला ते ओळखू येत नाही. तुला येईल. परीक्षक म्हणून ये. बिल्ला लावून आलीस तरी चालेल. बोलू नकोस, मीही बोलणार नाही. नुसती प्यायला ये. वेंडेलला म्हटलं होतं की एक बाटली तुझ्याकडे पोचव, तर म्हणाला, "सरकारी गाडीतून दारू? पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझ्या!" आणि त्या पेन्शनवाल्यानं माझ्या तळघरातल्या किती बाटल्या रिचवल्या हे सरकारला कळवावं का, असं मनात आलं.

व्हर्ना

१४ सप्टेंबर, माझ्याच स्वयंपाकघरातून, टेबलाच्या या बाजूनं

रोझली,

तू समोर बसली आहेस आणि मी लिहिते आहे, हे वेड्यासारखं दिसतं आहे याची मला कल्पना आहे. वेंडेल दारातून डोकावून "देवा!" म्हणून निघून गेला, तेही ऐकलं. पण बोलायचं नाही असं ठरलंय. शिवाय तोंड उघडलं तर मी काहीतरी टोचून बोलेन, ही माझी खात्री आहे. कागदावर मी जरा बरी असते.

तू खरंच बिल्ला लावून आलीस. मांजराला खुर्चीवरून उठवलंस. ग्लास दिव्यासमोर धरलास, नाक घातलंस, डोळे मिटलेस. पहिला घोट घेतलास आणि तुझ्या कपाळावर ती आठी पडली. आता दुसरा घेते आहेस. मला वाचायला काहीच देत नाहीस. तुला कुठे पत्ते खेळायला बसवू नये.

तुझं अर्धं घर खोक्यांत गेलं असेल. सोफा कोणाला दिलास? मला विचारायचं होतंस. मला नको आहे, पण विचारायचं.

आता लिहिते ते नीट वाच, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. टक्सनला जाऊ नकोस. तुझी कंबर दुखते, कर्क चांगला मुलगा आहे, तिकडे ऊन आहे, हे सगळं खरं आहे आणि मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मला तू इथे हवी आहेस. वरची खोली रिकामी आहे. तिला ऊन लागतं, दुपारभर. जिना नको असेल तर मी वर जाते, तू खाली झोप. आपण भांडू. रोज भांडू. परवा रात्री चांगली बिअर ओतून घेतली आणि तिला नावं ठेवायला कोणी नव्हतं. नुसतं चांगलं लागून काय उपयोग? मी ग्लास तसाच ठेवून झोपायला गेले.

सफरचंदं पिकत आली आहेत. यंदा शिडीवर चढायचं बळ मला आहे, पण शिडी धरायला कोणी नाही. वेंडेल धरतो, पण धरून बोलत बसतो.

तू तिसरा घोट घेतलास आणि डोळे उघडलेस. हा कागद तुझ्याकडे सरकवते आहे. पेनही देते.

व्हर्ना

*

गुण देणार नाही. बिअर कोणाची हे कळल्यावर परीक्षकानं गुण द्यायचे नसतात, नियम आहे.

तळाशी जे आहे ते सफरचंदच आहे. कच्चं नव्हे, पिकलेलं. कच्चेपणा गेल्यावरच ते वर आलं. आधी त्याला जागाच नव्हती. म्हणजे मी बरोबर होते आणि तूही थोडी. थोडीच.

मी पण दाराशीच बसले होते, मूर्ख बाई.

कर्कला उद्या फोन करते. वरची खोली घेईन, जिना चढते अजून. सफरचंदं तोडायच्या आधी मला सांग, शिडी मी धरीन. आणि यंदा बिअर बाटलीत कधी भरायची ते मी ठरवणार. मी हो म्हणेपर्यंत एका बाटलीलाही झाकण लागणार नाही, मग वर्ष गेलं तरी चालेल. मला कुठे जायचंय?

रोझली